अपडाऊन आणि इस्त्रीचा शर्ट

बँकेत रुजू व्हायच्या दिवशी मी मुलाखतीचाच पोशाख चढवला होता. पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, चकाकणारे काळे बूट. वर्ध्याहून आर्वी रोडनं खरांगण्यापर्यंत डांबर आणि तिथून आत सहा किलोमीटर मुरूम. जून संपत आला होता. शाखेच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "काहून जी, वावरातून येऊन राह्यले का?" आत गेलो तर काउंटरवरच्या मॅडमनी काही न विचारता पीककर्जाचा फॉर्म पुढे सरकवला. मी त्यांचाच नवा शेती अधिकारी आहे हे पटवायला नियुक्तिपत्र काढून दाखवावं लागलं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. अपडाऊन सुरूच आहे. शाळेत, तहसीलला, आरोग्य केंद्रात, बँकेत नवीन लागलेली पोरंपोरी दर वर्षी भेटतात आणि आठ दिवसांत एकच रडगाणं ऐकवतात: घरून निघताना नवरदेव आणि पोचल्यावर मजूर. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मुख्यालयी राहावं की अपडाऊन करावं हा वाद इथे उकरत नाही, तो ग्रामसभेत पुरेसा होतो. एसटीची वेळ जुळत असेल तर खुशाल एसटीनं जा, इस्त्रीच्या कपड्यांना तिच्याइतकं चांगलं वाहन नाही. पण आडगावच्या फेऱ्या ऑफिसच्या वेळा बघून सुटत नाहीत. पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वे बंद पडली, तिकडे यवतमाळची शकुंतला रेल्वेही. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे राहिली आपली गाडी आणि आपला जुना रस्ता.

अकरा वर्षांत मला कळलं ते एवढंच, की कपड्यांचं जितकं वाटोळं रस्त्यावर होतं त्याहून जास्त बॅगेत होतं, आणि उरलेलं पोचल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत. धूळ झटकता येते. चुकीची घडी आणि घामावर चढवलेला शर्ट दिवसभर अंगावर राहतो.

पहिली पायरी: अंतर बघून ठरवा

घर ते ऑफिस दहा किलोमीटरच्या आत आणि रस्ता डांबरी असेल तर ऑफिसचेच कपडे घालून निघा, फक्त वरून काहीतरी चढवा. दहा ते वीसच्या मध्ये असाल तर पॅन्ट घालून जा, शर्ट बॅगेत न्या. वीसच्या वर, किंवा मध्ये दोन किलोमीटर जरी पांधण, म्हणजे वावरांमधला कच्चा रस्ता असला, तर अंगावर गाडीचे कपडे आणि बॅगेत ऑफिसचे. यात तडजोड करू नका. मी पहिली दोन वर्षं "पॅन्ट तर काय, चालून जाते" म्हणत काढली आणि रोज मांडीवर पंख्यासारख्या पसरलेल्या सुरकुत्या घेऊन मॅनेजरसमोर उभा राहिलो.

या सुरकुत्या का पडतात ते एकदा समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सुती धाग्याला ओल लागली की त्याच्या आतले बंध सैल होतात, आणि वाळताना कापड ज्या आकारात असेल त्याच आकारात ते पुन्हा पक्के होतात. इस्त्रीवाला पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवतो ते याचसाठी. आता तुम्ही पाऊण तास तापलेल्या सीटवर बसलात, खाली घाम, वर तुमचं वजन. ही झाली उलटी इस्त्री. ती हातानं झटकून निघत नाही.

वरून काय चढवायचं? बायकांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. आपल्याकडे स्कूटीवर जाणारी प्रत्येक शिक्षिका, प्रत्येक सिस्टर सनकोट, हातमोजे आणि डोळे तेवढे उघडे ठेवणारा स्कार्फ बांधूनच निघते आणि शाळेत जाऊन तो उतरवला की आत नुकतीच तयार झाल्यासारखी दिसते. पुरुषांना सनकोट घालायला लाज वाटते. मी त्यावर उपाय म्हणून बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलचा जुना पांढरा ॲप्रन बाहेर काढला. सुती, लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत. धुळीला अगदी फक्कड. तिसऱ्याच दिवशी खरांगण्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्या बाबाजींनी हात करून गाडी थांबवली आणि पायजमा वर करून गुडघा दाखवला. "डॉक्टरसायेब, रातभर ठणकते जी." मी बँकेतला आहे म्हटल्यावर ते जास्तच नाराज झाले. त्यानंतर मी ॲप्रन खाकी रंगवून घेतला. तेव्हापासून लोक मला वनखात्याचा समजतात, पण निदान गुडघे दाखवत नाहीत.

ॲप्रन नसेल तर जुना फुल शर्ट उलटा घाला, बटणं पाठीकडे. पुढून येणारी धूळ आणि किडे छातीवरच बसतात आणि बटणांच्या फटीतून आत शिरतात. उलट्या शर्टला पुढे फटच नसते. गळ्याभोवती दुपट्टा मात्र हवाच. कॉलर काळी होते ती मानेच्या घामानं, आणि एकदा काळी झालेली कॉलर लांबूनही दिसते.

दुसरी पायरी: गाडीकडे बघा

पुढच्या चाकाचा चिखल बुटांवर आणि नडगीवर येतो, मागच्या चाकाचा पाठीवर. पुढच्या मडगार्डला खाली रबरी फ्लॅप लावून घ्या, जमिनीपासून चार बोटं वर राहील इतका लांब. हे काम कोणताही मेकॅनिक चहा संपेपर्यंत करून देतो आणि निम्मा चिखल तिथेच थांबतो. मागचं लांब मडगार्ड दिसायला बेंगरूळ म्हणून पोरं काढून टाकतात. काढू नका, नाहीतर पाठीवर मणक्याच्या रेषेत ठिपक्यांची माळ उमटते. साडीगार्डही ठेवा. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा असं मोटार वाहन नियमांतच आहे. ओढणी एका क्षणात जाते, आणि ती एकटी जात नाही.

चेनला तेल लावायचं ते रात्री, गाडी लावून ठेवताना. सकाळी निघताना लावलेलं ताजं तेल पहिल्या पाच किलोमीटरमध्ये उडतं आणि डाव्या पायाच्या मोहरीवर बसतं. चेनकव्हर पूर्ण बंद असेल तर काळजी नाही. उजव्या बाजूला सायलेन्सर. टेरिकॉटची पॅन्ट त्याला टेकली की सुरकुती पडत नाही, सरळ भोक पडतं.

गिअरचा लिव्हर पंजा-टाच असा दोन्हीकडून दाबायचा असेल तर बूट वाचतात. एकच बाजू असेल तर डाव्या बुटाच्या नाकावर काळा पट्टा उमटतो आणि पॉलिशनं तो झाकत नाही. लिव्हरवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, किंवा बुटांचं मी पुढे सांगतो ते करा.

आणि गाडी कुठे उभी करता ते बघा. उन्हाळ्यात सगळे कडुनिंबाखाली लावतात, मीही. पण जूनमध्ये निंबोळ्या पिकून पडतात. सीटवर पडलेल्या पिकल्या निंबोळ्यांवर इस्त्रीच्या पॅन्टीत बसून बघितलंत की आयुष्यभर लक्षात राहतं. बसण्याआधी सीटवरून हात फिरवायची सवय लावून घ्या.

तिसरी पायरी: कापड आणि रंग

खादी आणि शुद्ध सुती कपड्यांवर माझं प्रेम आहे. सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून नसेल तर नवल. पण बॅगेतून नेण्याच्या शर्टासाठी सुती आणि पॉलिस्टरचं मिश्रण घ्या, ज्याला दुकानदार टेरिकॉट किंवा ब्लेंड म्हणतो. नुसतं पॉलिस्टर नको. त्याला सुरकुती पडत नाही, पण घामाचा वास धरून ठेवतं आणि कोरड्या हवेत अंगाला चिकटतं. लिनन तर विसराच, ते घडी बघूनच चुरगळतं.

रंगाच्या बाबतीत नवखा माणूस हटकून चुकतो. काळा रंग मळखाऊ असतो अशी एक समजूत आहे. तो मळ खातो, धूळ नाही. काळ्या आणि गर्द निळ्या पॅन्टीवर मुरमाची धूळ पिठी पेरल्यासारखी दिसते, आणि उन्हाळ्यात घाम वाळला की पांढरे क्षाराचे नकाशे उमटतात ते वेगळेच. राखाडी, मातकट, फिकट बदामी हे आपल्या भागाचे रंग. शर्टाला बारीक चौकड्या चालतात. पांढराच घालावा लागत असेल तर तो बॅगेतूनच जाऊ द्या.

चौथी पायरी: घडी

हे मी एका एमआरकडून, म्हणजे औषध कंपनीच्या फिरत्या प्रतिनिधीकडून शिकलो. भर मे महिन्यात टाय लावून हिंगणघाट ते आष्टी फिरणारी ही जमात कपड्यांच्या बाबतीत आपली गुरू आहे. त्यांना डॉक्टरच्या केबिनमध्ये दोन मिनिटं मिळतात आणि त्या दोन मिनिटांत कडक दिसावंच लागतं. आर्वीच्या स्टँडजवळ चहा पिताना त्यानं डिक्कीतून फाइल काढावी तसा शर्ट काढला होता.

तर असं करा. शर्ट रात्रीच प्रेस करून घ्या आणि लगेच घडी घालू नका. गरम कापडाची घडी पक्की बसते, म्हणून रात्रभर हँगरवर थंड होऊ द्या. सकाळी वरचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन बटणं लावा. शर्ट पालथा घाला. त्यावर धोब्याकडून येते तसली पातळ प्लास्टिकची पिशवी पसरा. मग पाठीच्या मधोमध ए-फोर मापाची कडक प्लास्टिकची फाइल ठेवा, कॉलरच्या खाली दोन बोटं सोडून. दोन्ही बाजू फाइलवर आणा, बाह्या सरळ खाली सोडा, आणि खालचा भाग एकदाच वर दुमडा. घडी छातीवर न येता पोटाच्या खाली यायला हवी, म्हणजे ती पॅन्टीत खोचली जाते. कॉलरच्या आत गुंडाळलेला बेल्ट किंवा मोजे बसवा, कॉलर दबत नाही. प्लास्टिक कशाला? कापडावर कापड घासलं की चुण्या अडकून बसतात. मध्ये गुळगुळीत काही असलं की कापड सरकतं आणि चुणी धरत नाही.

पॅन्टीची क्रीज जुळवून तिची तीन पदरी घडी, मध्ये गुंडाळलेला टॉवेल. टॉवेल तसाही लागणारच आहे.

हे सगळं एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, पहिलीचं तोंड खाली आणि दुसरीचं वर. अशी जोडी मी एकदा पूर्ण भिजलेल्या बॅगेतून कोरडी काढली आहे. बॅग पाठीवर घेणार असाल तर शर्ट पाठीपासून लांबच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर पाठीचा घाम आणि ऊब मिळून तीच उलटी इस्त्री. त्याहून बरं म्हणजे बॅग मागच्या सीटवर आडवी ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळणं. आवळायचं ते फाइलच्या कडक बाजूवर.

आणि डबा वेगळा. हे मी मोठ्यानं सांगतो आहे असं समजा. डबा आणि शर्ट एका बॅगेत कधीही नाही, झाकण कितीही घट्ट असो. आमच्या शाखेतल्या एका पोरानं ऑडिटच्या दिवशी वरणाचा शर्ट काढला होता. पूर्ण दिवस त्यानं ऑडिटरसमोर माझा ॲप्रन घालून काढला.

पाचवी पायरी: पोचल्यावरची दहा मिनिटं

ऑफिस उघडायच्या वीस मिनिटं आधी पोचा. हेच बहुतेकांना जमत नाही आणि मग बाकी सगळं वाया जातं.

पोचल्याबरोबर कपडे बदलू नका. गाडीवर वारा लागत असतो म्हणून घाम जाणवत नाही, उतरल्यावर तो खरा सुटतो. त्या घामावर नवा शर्ट चढवला की पाच मिनिटांत पाठीला चिकटतो. आधी शर्ट बॅगेतून काढून हँगरवर लावा. हँगर ऑफिसमध्ये कायमचा ठेवा, खिळा मारायची परवानगी मागत बसू नका. मग तोंड, मान, हात कोपरापर्यंत धुवा. पंख्याखाली बसा, पाणी प्या, कालचे कागद लावा. घाम पूर्ण जिरला की ओल्या टॉवेलानं अंग पुसून, कोरडं होऊन, मग शर्ट. उन्हाळ्यात कूलर लावलेला असेल तर हँगर त्याच्या समोर लटकवा. त्याच्या दमट वाऱ्यानं सुती शर्टाच्या बारीक चुण्या बऱ्याच सुटतात. कूलर नसेल तर ओला हात चुणीवरून फिरवायचा आणि कापड दोन्ही बाजूंनी ताणून धरायचं. वाळेपर्यंत ताणून धरायचं, हे महत्त्वाचं.

क्रम लक्षात ठेवा: आधी केस, मग शर्ट. हेल्मेटमधले केस विंचरताना धूळ खांद्यावर पडते. हेल्मेटच्या आत पातळ सुती टोपी किंवा दुपट्ट्याचा एक फेर घ्या, केस चपटे होत नाहीत आणि हेल्मेटही वास मारत नाही. केस बिघडतात म्हणून हेल्मेट न घालणाऱ्यांना माझ्याकडे सल्ला नाही. संध्याकाळी रोही (नीलगाय) आडवा येतो तेव्हा तो केस बघत नाही.

बदलायची जागा हा बायकांसाठी खरा प्रश्न आहे. कितीतरी शाळांत आणि उपकेंद्रांत कडी नीट लागेल अशी खोली नसते. आमच्या गावच्या सिस्टर यावर त्यांचा उपाय सांगतात: साडी घरूनच नेसायची, निऱ्या आणि पदर आदल्या रात्री प्रेस करून पिनांनी पक्के टाचायचे, आत लेगिंग, वरून पोटरीपर्यंत येणारा सनकोट, आणि पदर कोटाच्या आत. काठाला चिखल लागू नये म्हणून साडी गाडीवर दोन बोटं वर खोचलेली, उतरल्यावर सोडायची. त्या गेली कित्येक वर्षं लसीकरणाला याच पद्धतीनं जातात आणि त्यांच्या साडीला चुणी दिसली तर मी शंभर रुपये हरेन.

पावसाळा

आपल्या काळ्या मातीला पाऊस लागला की ती माती राहत नाही, डिंक होते. टायर आणि मडगार्डच्या मध्ये ती भरत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. मग काडी शोधा, उकरा, दहा पावलं ढकला, पुन्हा उकरा. यात कपडे वाचवायचा विचारही करू नका. म्हणून जून ते सप्टेंबर पायात गमबूट आणि अंगात अर्धी पॅन्ट, वरून रेनकोटची पॅन्ट. अर्ध्या पॅन्टीत पाय धुवून लगेच कोरडे होतात. गावाच्या तोंडाशी हातपंप असतो, तिथेच बूट आणि पाय धुऊन घ्या. ऑफिसच्या फरशीवर चिखलाची पावलं उमटवणारा साहेब शिपायाच्या मनातून पहिल्याच दिवशी उतरतो.

रेनकोट दोन तुकड्यांचाच घ्या. लांब झग्यासारखा असतो तो गाडीवर उडतो आणि सगळं पाणी मांडीत जमा करतो. रेनकोटची पॅन्ट गमबुटाच्या बाहेर, आत नाही. आत खोचली की पन्हाळीसारखं सगळं पाणी बुटात. रेनकोटच्या झिपच्या पट्टीमागून पाणी शिरतंच, म्हणून पोटावर एक प्लास्टिकचा तुकडा ठेवतो मी. आणि रेनकोट थेंब पडायच्या आधी चढवा. आपल्याकडचा पाऊस विचारून येत नाही: वावराच्या त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर दिसतो आणि झाडाखाली गाडी लावेपर्यंत अंगावर असतो. ओला रेनकोट बॅगेत नाही, बाहेर बांधायचा.

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबा. ओळखीच्या रपट्याचाही काठ गढूळ पाण्याखाली दिसत नाही आणि मधली स्लॅब वाहून गेलेली असू शकते. शाखेला फोन करा, टपरीवर बसा. मी एकदा अडीच तास बसलो आणि तिथेच तीन शेतकऱ्यांचे नूतनीकरणाचे फॉर्म भरून घेतले, गमबुटात.

एवढं करूनही चिखल लागलाच तर ओला असताना पुसू नका. आपल्या मातीचे कण इतके बारीक असतात की चोळलं की ते धाग्यात जाऊन बसतात. वाळू द्या. पूर्ण वाळला की तो तडकतो, उन्हाळ्यातल्या वावरासारखा. मग दोन्ही हातांनी कापड चुरायचं, जुन्या दात घासायच्या ब्रशनं झाडायचं, आणि उरलेल्या डागावर कापडाच्या उलट्या बाजूनं थंड पाणी सोडायचं.

उन्हाळा

मार्चअखेरीपासून वेळच बदला. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सकाळी साडेआठला निघालेला माणूस आणि साडेनऊला निघालेला माणूस यांच्या शर्टात जमीन-अस्मानाचा फरक असतो. लवकर पोचून तिथे पेपर वाचा. तोंडाला ओला दुपट्टा बांधा, पण तो पिळून घ्या, टपकणारं पाणी नेमकं कॉलरवर येतं. खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची पद्धत मी मोडायला सांगत नाही. फक्त तो ऑफिसच्या शर्टाच्या खिशात नको, गाडीच्या कपड्यांत ठेवा. मीटिंगमध्ये कांद्याचा वास लपत नाही.

घामाचे पांढरे पट्टे साबणाशिवाय नुसत्या पाण्यानं जातात, ते मीठच आहे. त्याच संध्याकाळी खळबळून टाका.

सुगी

दसऱ्याच्या पुढेमागे सोयाबीनचं थ्रेशर चालू होतं आणि रस्त्याकडेला कुटाराचे, म्हणजे भुशाचे ढग उठतात. ते अंगाला खाजतं, म्हणून या दिवसांत बाह्या पूर्ण आणि गळा बंद. लघुशंकेला रस्त्याच्या खाली उतरलात तर कुसळं आणि कुठे कुठे खाजकुयरी. कुसळं मोज्यांतून काढायला दुपार जाते, खाजकुयरीचं काय होतं ते विचारू नका. पुढे कापसाच्या गाड्या जिनिंगला निघाल्या की हवेत रुई असते आणि ती टेरिकॉटच्या पॅन्टीला चिकटते. झटकून जात नाही. ओला तळवा वरून खाली एकाच दिशेनं फिरवा, सगळी गोळा होते. थंडीत स्वेटरच्या आत ऑफिसचा शर्ट घातला तरी चालतो, त्याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

डागांचं थोडक्यात

चेनच्या तेलावर लगेच खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर दाबून पंधरा मिनिटं ठेवा, झटका, मग भांड्यांचा साबण. गरम पाणी नको. रॉकेलनं डाग जातो, वास राहतो.

सगळ्यात वाईट डाग रस्त्याचा नसतोच, तो असतो तर्री-पोह्यांचा. सकाळी नाश्ता न करता निघणारा माणूस रस्त्यात पोहे खातोच, आणि तर्री शर्टावर सांडतेच. तेव्हा गाडीच्याच कपड्यांत खा. ऑफिसच्या शर्टावर पडलीच तर आधी पावडरनं तेल उचला. साबण लावल्यावर हळदीचा डाग लालभडक होईल, घाबरू नका, हळद साबणाच्या क्षारानं लाल होते. धुऊन टाकलं की पुन्हा पिवळी. मग उरलेला पिवळा डाग उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि ऊन आपल्याकडे भरपूर आहे. दोन-तीन दिवसांत जातो.

ऑफिसच्या कपाटात काय ठेवायचं

ऑफिसचे बूट. ते घरी नेऊच नका. गाडीवर गमबूट, कॅनव्हास, काय वाटेल ते घाला, पॉलिश केलेली जोडी टेबलाखालीच राहू द्या. डाव्या बुटावरचा तो काळा पट्टा, चिखल, पाणी हे सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. त्याशिवाय एक जादा शर्ट, एक पॅन्ट, हँगर, टॉवेल, कंगवा, ब्रश, पावडरचा डबा, चार सेफ्टी पिना. कपडे पत्र्याच्या पेटीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आमच्या शाखेत उंदीर आहेत आणि त्यांना कॉलर आवडते. डांबरगोळ्या टाकल्या तर शर्टाला आठवडाभर वास राहतो, त्यापेक्षा कडुनिंबाचा वाळलेला पाला बरा. जादा शर्ट वापरला की त्याच आठवड्यात दुसरा आणून ठेवा. मी एकदा विसरलो आणि नेमक्या त्याच सोमवारी रीजनल मॅनेजर आले.

संध्याकाळी निघताना उतरवलेला शर्ट बॅगेत कोंबायचा मोह होतो, धुवायचाच आहे म्हणून. घामट शर्ट बंद प्लास्टिकमध्ये तासभर राहिला की वास कायमचा धरतो, पावसाळ्यात तर बुरशीचे काळे ठिपके येतात. कापडी पिशवीत न्या आणि घरी गेल्यावर आधी दोरीवर टाका, मग चहा.

राहता राहिला १५ ऑगस्ट. झेंडावंदन सकाळी, पोशाख पांढरा, आणि ऑगस्ट म्हणजे चिखलाचा कळस. त्या दिवशी वेळ अशी असते की पोचून अर्धा तास पंख्याखाली बसता येत नाही. म्हणून मी पांढरे कपडे १४ तारखेलाच शाखेत हँगरवर लावून येतो, वरून जुनी चादर टाकून, खाली वर्तमानपत्र अंथरून. सकाळी गमबुटात जातो, शाखेत बदलतो आणि तिथून शाळेच्या मैदानापर्यंत पायी. मैदानाच्या कडेनं हिरवळीवरून जायचं, मधून नाही. पोरं कवायत करतात तिथला चिखल मागच्या रांगेपर्यंत उडतो, त्यामुळे सरपंचांच्या डाव्या हाताला, खांबाच्या मागे उभं राहायचं. ती जागा लवकर गेलात तरच मिळते. आमचे पोस्टमास्तर मागच्या वर्षी माझ्याआधी पोचले होते.